अकरा गोट्या

नऊ गोट्यांनी हरलो.
पुन्हा मोजायला लावलं, हक्क होता म्हणून,
तर अकरांनी.

लाकडी ट्रेला दोनशे भोकं,
पाढ्याच्या तक्त्यासारख्या रांगा.
वीस वर्षं मी गणित शिकवलं या कुंताउरात,
मोजणाऱ्या तिन्ही पोरांच्या वह्या मीच तपासलेल्या.
शेवटच्या ट्रेवरून बोट फिरवताना
जेरेबा माझ्याकडे बघेना.
पोरगा भागाकारात कच्चा होता,
मोजण्यात कधीच नव्हता.

आमच्याकडे मत म्हणजे काचेची गोटी.
रंगवलेल्या पिंपाच्या नळीत सोडायची,
आत घंटी वाजते, टिंग, एकदाच.
तळाशी वाळू असते,
पडल्याचा आवाज पिऊन टाकणारी.
दोनदा वाजलं तर माणूस पकडला जातो.
म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी,
न जाणो, कुणाची घंटी मत समजली जायची.

पाच वाजताच न्यिमाची माणसं नाचायला लागली.
म्हणाली, मास्तर, आत्ताच हार माना,
मोठं मन शोभून दिसेल.
मी नाही म्हटलं.
नदीपलीकडचं पिंप अजून यायचं होतं.
पलीकडची म्हातारी तुम्बुलू
सकाळी होडीतून उतरून, गुडघ्याला फडकं बांधून
दोन तास उन्हात उभी राहिली होती.
तिची गोटी मोजायच्या आत हरणारा मी कोण?
कुणाला दिली असेल तिनं, देव जाणे.

मग ते पिंप आलं. मग फेरमोजणी झाली.
मग सावरीच्या झाडाखाली
अतायाची किटली निखाऱ्यावर बसली,
पहिला कडू घोट, आणि माझी माणसं.
बांजुलहून वकिलाचा फोन:
एका पिंपाचं सील फाटलं होतं म्हणू,
खटला सहा महिने सहज चालेल.
सहा महिने!
सहा महिने मी हरलेला नसेन.
मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.
दुसरा घोट गोड लागला.

सिरे ग्लास विसळत होती. मान वर न करता म्हणाली,
फाटलेलं सील कुणी पाहिलं?
पाहिलं नाही, पण म्हणता येईल.
ती काही बोलली नाही.
पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

पोरं कुंपणापाशी उभी होती,
एकाच्या खांद्यावर जुना टायर.
एक शब्द टाका मास्तर, नुसता एक.
दुसऱ्याच्या हातात रॉकेलचा डबा,
तोटी डावीकडे वाकलेली.
ती मीच वाकवली होती, पावसाळ्यात,
दार पुसताना पाय लागून.
डबा आमच्या स्वयंपाकघरातला होता.

तिसऱ्या घोटाला थांबलो नाही.

साडेअकरा. सायकलला दिवा नव्हता.
रस्त्यावरची खड्डेमोजणी पाठ होती
म्हणून पडलो नाही.
न्यिमाच्या अंगणात ढोल, बायका, एकच गलका.
गर्दीत मला कुणी ओळखेना,
म्हणून घंटी वाजवली.
टिंग.
एकदाच.
ढोल थांबला.
दिवसभर तो आवाज ऐकून ऐकून
सगळ्यांचे कान तयार झाले होते.

ती भाताच्या परातीवरून उठून आली,
उजवा हात तेलकट, म्हणून मनगट पुढे केलं.
मी मनगटच धरलं.
काय बोललो आठवत नाही,
पाठ केलेलं वाक्य फार लांब होतं, मधेच तुटलं.
ती म्हणाली, मास्तर,
दवाखान्याच्या पंपाचं काय करायचं?
मी सांगितलं, वॉशर बास्सेला मिळतो,
चावी केमोकडे आहे,
आणि त्याला पैसे आधी देऊ नकोस.

घरी आलो तेव्हा
डबा चुलीमागे जागेवर होता.
हलवून पाहिला. अर्धा भरलेला.
झोप लागली नाही, ते वेगळं.
पहाटेपर्यंत त्या अकरा जणांची नावं शोधत होतो,
सातव्यापाशी सारखा माझा भाऊ यायचा.